पाणंदीतला दिवा

धोंडुबाई ग्रामपंचायतीत आली ती कुणाला हरवून नव्हे. कायद्यानं बाईमाणसाची जागा भरणं भाग होतं आणि सरपंच बाळासोंना सगळ्या भावक्यांना चालणारी, गप्प बसणारी बाई हवी होती. आकारामची बायको त्यांना तशी वाटली. आकाराम बावड्याच्या साखर कारखान्यात कामाला, घरी थोडं रान, दारात म्हशी. कुणाच्या अध्यात ना मध्यात.

"वहिनी, म्हैन्यातनं एकदा चावडीत यून बसायचं. बाकीचं आमी बघतो की," बाळासो म्हणाले. धोंडुबाईनं पदर सावरून मान हलवली.

ही सहासष्ट-सदुसष्ट सालची गोष्ट. गाव पंचगंगेच्या काठी, बावड्यापासून सायकलीच्या अंतरावर. बाळासो कामाचा माणूस होता हे त्यांचे वैरीही कबूल करत. त्यांच्या पंचायतीनं शाळेला खोल्या बांधल्या, विहिरीला कठडा केला, पावसाळ्यात गुडघाभर चिखल व्हायचा त्या रस्त्यावर मुरूम टाकला, दूध संस्थेला जागा मिळवून दिली. त्यानंतर वीज आली. रस्त्यावरच्या दिव्यांचा ठराव झाला तेव्हा इतरांच्या सह्यांखाली धोंडुबाईनंही अंगठा उठवला. खांब कुठं कुठं येणार हे तिला कुणी सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही.

शेवटचा खांब उभा राहिला तो शिवाराकडं जाणाऱ्या पाणंदीच्या तोंडाशी, ओढ्याजवळ.

ओढ्याकाठची ती निवडुंगाआडची पट्टी बायकांची होती. तांबडं फुटायच्या आधी आणि दिवस बुडाल्यावर बायका घोळक्यानं तिकडं जात. पूर्वी अशा जागा पुष्कळ होत्या. पण नदीवर पाण्याची इंजिनं बसली, पड रानं उसाखाली आली, बांधाबांधाला काटेरी कुंपणं पडली. गाव वाढत गेलं तशी बायकांची जागा आटत आटत त्या एका पट्टीवर आली. आता तिथं लख्ख उजेड पडला.

दिवा पहिल्यांदा लागला त्या संध्याकाळी बाळासोंनी खांबापाशी नारळ फोडला, पोरांना पेढे वाटले. थोड्याच दिवसांत त्या उजेडात गडी पत्ते खेळायला बसू लागले. बायका उंबऱ्यात ताटकळत राहायच्या. डाव संपायचा नाही.

धोंडुबाईची धाकटी जाऊ शालूबाई पोटुशी होती. ऐन उन्हाळ्यात ती दुपारनंतर पाण्याचा थेंब घेईना. संध्याकाळची भाकरीही तिनं सोडली. एकदा चुलीपुढून उठताना तिला भोवळ आली तशी धोंडुबाई तिच्यावर ओरडली.

"आक्का, पानी पिलं की जावं लागतंय," शालूबाई हळू आवाजात म्हणाली. "आन् जायाचं कुठं?"

त्या दिवशी आकाराम कारखान्यातली पाळी संपवून घरी आला. त्याचं जेवण होईपर्यंत धोंडुबाई थांबली. मग म्हणाली, "सरपंचास्नी सांगा, त्यो ओढ्याकडचा खांब हलवा म्हणून."

"का?"

"बायकांची अडचण हुतीया."

आकारामच्या लक्षात आलं. त्यानं हात धुतले आणि तिच्याकडं न बघताच म्हणाला, "ह्ये काय चावडीत बोलायचं हाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला, पत्तेवाले यायच्या आधी, धोंडुबाई पाणंदीत गेली. इकडंतिकडं पाहिलं आणि धोंडा उचलला. पहिला खांबावर आदळला. दुसऱ्यानं बल्ब फुटला. काचा खाली पडल्या त्या आवाजानं तीच दचकली, धावत घरी आली आणि म्हशीच्या आडोशाला उभी राहिली.

पंचायतीनं नवा बल्ब बसवला. तोही फुटला. तो मात्र धोंडुबाईनं फोडला नव्हता. विहिरीवर बायका एकमेकींकडं बघत आणि नजर वळवत. कुणी कुणाला विचारलं नाही. तिसरा फुटला तेव्हा बाळासो चवताळले. गावाच्या उजेडावर कुणीतरी उठलंय, आता त्याला सोडायचा नाही, असं ते देवळासमोर सगळ्यांदेखत बोलले.

संशय जायला गावात एक माणूस तयारच होता. ज्ञानू सीमेकडल्या कानडी मुलखातून आलेला. बायको तानाबाई आणि तो पाणंदीच्या टोकाला खोपटात राहत. गावाच्या शाळू ज्वारीची राखण तो करी आणि त्याची गोफण कधी चुकत नसे. खोपटापुढं दिवा द्या म्हणून तो पंचायतीत आलेला, आणि त्याला वाटेला लावलेलं. सगळं जुळत होतं.

एका सकाळी तालमीतल्या काही गड्यांनी त्याला रानातून ओढत आणलं. त्यानं नाही म्हटलं म्हणून मारलं. उजवा हात पिरगाळला. मग चावडीच्या मागच्या खोलीत कोंडून ठेवला. दुपारी फौजदाराला आणायला माणूस सायकलवरून कोल्हापूरला जायचा होता.

तानाबाई पंचांच्या दारोदार फिरली. धोंडुबाईच्या दारात आली तेव्हा तिचा आवाज बसला होता.

"अक्का, तुमी पंच हाय. माझा माणूस तसा न्हवं. त्येच्या हाताला सूज आलीया. पानी बी देऊ देईनात."

धोंडुबाई उंबरा धरून उभी राहिली. तानाबाईनं थोडा वेळ वाट पाहिली आणि ती पुढच्या दारी गेली.

धोंडुबाई घागर न घेताच विहिरीवर आली. तिथं पाच-सहा जणी होत्या.

"ज्ञानूला फौजदाराच्या हातात देत्यात," ती म्हणाली. "चला माझ्यासंगं. समद्या मिळून सांगू."

रहाट थांबला. सगळ्यांत म्हातारी बयाबाई होती, गावातल्या निम्म्या पोरांची नाळ तिनं कापलेली. ती म्हणाली, "काय सांगशील बाई? कंच्या तोंडानं? त्यो उपरा गडी. आज हितं, उद्या दुसऱ्या गावाला जाईल. तुला जलमभर हितंच ऱ्हायाचं हाय."

बाकीच्यांनी माना खाली घातल्या. शालूबाई पुढं झाली, पण धोंडुबाईनंच तिला मागं सारलं. "तू नगं. तू घरला जा."

ती एकटीच निघाली. चावडीपर्यंतचा रस्ता तिच्याच पंचायतीनं मुरूम टाकून केलेला. वाटेत दोनदा तिला परत फिरावंसं वाटलं. देवळाच्या कोपऱ्यावर ती थांबलीही. चावडीतून गड्यांचा आवाज येत होता आणि मागच्या खोलीतून काहीच येत नव्हता. ते काहीच न येणं तिला सोसवेना.

आत बाळासो, इतर पंच, ग्रामसेवक, वयानं मोठी चार माणसं बसली होती. सायकल दाराशी तयार होती. माणसं सगळी नात्यानं तिला सासरा, दीर लागणारीच.

"या वहिनी," बाळासो म्हणाले. "आज मीटिंग न्हाय."

"मला म्हाईत हाय," धोंडुबाई म्हणाली. "ज्ञानूला सोडा. दिवा मी फोडला."

कुणीतरी हसलं. बाळासोंना वाटलं, तानाबाईनं पायाला मिठी मारली असणार आणि हिला दया आली. "कुणाला पाठीशी घालताय वहिनी? तुमी कशाला फोडशीला गावाचा दिवा?"

आता कारण सांगायचं होतं. समोर फरशीवर बाळासोंच्या कोल्हापुरी पायताणांचे अंगठे दिसत होते. ती त्यांच्याकडंच बघत राहिली.

"बोला की," एक पंच म्हणाला.

"एक इचारतो," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "तुमच्या घरातल्या बायका दिस बुडल्यावर कुठं जात्यात?"

एका पंचानं नजर दाराकडं वळवली.

"ओढ्याकडंच जात्यात न्हवं? तिथं तुमी खांब लावला. त्याच्याखाली तुमी पत्त्याला बसताय. मग त्यांनी कुठं जायाचं? माझी जाऊ पोटुशी हाय. तिनं पानी प्यायचं सोडलंय. म्हातारी मानसं तांबडं फुटंस्तवर पोट धरून बसत्यात. पयला बल्ब मी फोडला. दुसरा कुनी फोडला त्ये मला ठावं न्हाय आन् ठावं असतं तर सांगितलं नसतं."

भिंतीशी बसलेले एक वृद्ध कडाडले, "बाईमाणसानं चावडीत यून असलं बोलावं?"

"मग कुठं बोलू मामंजी? घरात बोललो, तिथं बी हेच ऐकलं."

बाळासोंचा चेहरा लाल झाला होता, पण तो राग होता की दुसरं काही, हे कळत नव्हतं. शेवटी ते उठले. "त्याला सोडा," एवढंच म्हणाले आणि चपला अडकवून बाहेर पडले.

घरी दिरानं तिला पंचायत सोड म्हणून बजावलं. आकाराम कितीतरी दिवस तिच्याशी धड बोलला नाही. विहिरीवर ती आली की बायका गप्प होत. महिन्याची मीटिंग आली तेव्हा ती गेलीच. आता आपल्यालाच काढणार, हे ती धरून चालली होती. बाळासोंनी तिच्याकडं पाहिलंही नाही. त्यांनी ग्रामसेवकाला ठराव लिहायला सांगितला: बायकांसाठी संडास बांधायचे, भिंतीच्या आडोशात, बाहेर पाण्याची टाकी. जागेवरून वाद पेटला. वासाचं निमित्त करून आपल्या बांधाशेजारी कुणालाच ते नको होते. दोन पंच तावातावानं उठून निघाले.

"माझ्या गुऱ्हाळाशेजारची जागा घ्या," बाळासो म्हणाले. "माझ्या आईनं मला सांगितलंय. जास्ती इचारू नका."

काम पुरं होईपर्यंत ओढ्याकडची तार तोडून ठेवली गेली. बायकांनी पाया भरायला दगड वाहिले. बांधून झाल्यावर नारळ कुणी फोडायचा असा प्रश्न आला, कारण संडासापुढं उभं राहायला एकही पुढारी तयार होईना. बयाबाईनं तो फोडला. त्याच आठवड्यात शालूबाई बाळंत झाली, मुलगी झाली.

मधल्या काळात धोंडुबाई एकदा चरवीभर दूध घेऊन ज्ञानूच्या खोपटावर गेली होती. त्याचा हात नीट बसला नव्हता. मनगट वळत नव्हतं, गोफण फिरवणं संपलं होतं. तो दारात बसून डाव्या हातानं दोर वळायचा प्रयत्न करत होता.

"मी सांगितलं सरपंचास्नी," ती म्हणाली.

"सांगितलंसा," ज्ञानू म्हणाला. "पर मला मारायच्या आधी सांगायचं हुतं, अक्का."

धोंडुबाईनं चरवी पुढं केली. तानाबाईनं दूध ओतून घेतलं, चरवी विसळून परत दिली. सुगी संपताना दोघं राधानगरीकडं कामाला गेली, ती परत आली नाहीत. पुढं धोंडुबाई कधी कुणाला त्या चावडीतल्या दिवसाबद्दल शाबासकी देऊ देत नसे. कुणी विषय काढला की उठून जाई.

पंचायतीत मात्र ती राहिली, पुढं निवडूनही आली. संडास बांधणं सोपं होतं, चालवणं अवघड. टाकी रिकामी पडे, भांडणं होत, दोनदा बायका पुन्हा ओढ्याकडं वळल्या. धोंडुबाई सकाळी टाकीपाशी जाऊन बसे आणि येणाऱ्या प्रत्येकीला एक घागर ओतायला लावी. लोक तिच्या माघारी तिला काय म्हणत, ते तिला ठाऊक होतं.

त्र्याऐंशी साली गावाला तालुक्याचं बक्षीस मिळालं. शाळेपुढं मांडव घातला. बाळासो आता थकले होते, तरी भाषणाला उभे राहिले. त्यांनी दिवे सांगितले, रस्ते सांगितले, घरोघरची नळाची तोटी सांगितली, दूध संस्था, वाचनालय, दवाखाना सांगितला. संडासांपाशी आले तेव्हा खाकरले आणि म्हणाले, "आन् महिलांची सोय केली." लगेच पुढं गेले.

मागं बसलेली शालूबाई धोंडुबाईच्या कानाशी लागली. "आक्का, बघा की, नाव सुदिक घेतलं न्हाय."

"जाऊ दे," धोंडुबाई म्हणाली. "टाकीला पानी आलंय का, तेवढं बघून ये."