पाडव्याचं ताट आणि बर्फावरचा गोलकीपर

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत एसटीडीचा बूथ होता आणि माडीवरच्या खोलीत नॉर्वेचा गोलकीपर. परळीच्या थर्मलमध्ये मशिनं दुरुस्तीला तेव्हा परदेशी माणसं यायची. त्या वर्षी रेस्ट हाउस भरलं, म्हणून हा एकटा आमच्याकडे भाड्यानं राहिला. बी.ए. होऊन मी घरी बसले होते, म्हणजे बूथमध्ये बसले होते. घरात इंग्रजी येणारी मीच, तीही गाइडं वाचून शिकलेली. त्यामुळे आई आणि तो यांच्यातला सगळा संवाद माझ्या तोंडून व्हायचा.

नोकरी त्याची फिटरची, पण जीव बर्फावरच्या हॉकीत. लहानपणी म्हणे त्याचा बाप हिवाळ्यात अंगणभर पाणी सोडायचा, ते गोठायचं आणि पोरं त्यावर खेळायची. आईनं हे ऐकून डोळेच मोठे केले. "एवढं पाणी? अंगणात?" आमच्याकडे नळाच्या पाण्यासाठी घागरींची रांग लागायची. तिला बर्फाचं काहीच वाटलं नाही.

पुढे तो क्लबात गेला, पण तिथे कायम दुसऱ्या नंबरचा गोलकीपर. पहिल्याला लागलं तर यानं उतरायचं, आणि तो पहिला म्हणजे दगड, त्याला कधी काही लागायचंच नाही. सगळा जामानिमा अंगावर चढवून हा बाकावर बसणार, सामना संपला की उतरवणार. त्यावर पोट भरत नव्हतं, म्हणून पाना हातात घेतला. आता तिशी उलटली होती. देशाकडून एकदा तरी गोलासमोर उभं राहायचं, एवढंच त्याला हवं होतं. हे सांगताना तो हसायचा. पण बूथचा फोन वाजला की जिन्यात त्याचे पाय वाजायचे. आमचा नंबर त्यानं देशाच्या संघाच्या कोचला देऊन ठेवला होता.

आणि तो फोन आला नेमका पाडव्याच्या दुपारी. कोच एकेक शब्द सुटा करून बोलत होता. संघाच्या एका गोलकीपरचा गुडघा गेला होता. याचा होकार तासाभरात हवा, नाहीतर यादीतल्या पुढच्याला बोलावणार. मी होल्ड करा म्हणेपर्यंत लाइन कटली.

मी आत धावले. आईनं त्याला सणाचं जेवायला बसवलं होतं. कपाळाला विभूती, लांबलचक पाय कसेबसे दुमडलेले, ताटात पुरणपोळी आणि पहिला घास हातात. मी सांगितलं तसा तो उठायलाच लागला.

"बस लेकरा, बस," आईनं वाढता हात आडवा धरला. "भरल्या ताटावरून उठत न्हाईत."

"आई, लई महत्त्वाचं हाय. त्याच्या खेळाचं हाय."

"मग फोन काय पळून चाललाय? घरचाच हाय की. सणाच्या दिवशी उपाशी उठून गेला, तर खेळात यश येईल व्हय त्याला?"

मी तिचं म्हणणं त्याला इंग्रजीत सांगितलं. त्यानं घड्याळ बघितलं. "तासभर आहे," तो म्हणाला आणि खाली बसला. त्याला आईचं मन मोडवेना. आईनं दुसरी पोळी वाढली, वर तुपाची धार सोडली. 'पुरे' हा शब्द तो शिकला होता, पण आमच्या घरात त्या शब्दाला किंमत नव्हती. मी दारात उभी राहून त्याचे घास बघत होते.

हात धुऊन तो बूथमध्ये आला, रिसीव्हर उचलला, आणि आवाजच नाही. मी तार हलवून बघितली, फोन आपटला, शेजारच्या बूथवर पळाले. तिथेही तेच. रस्त्याच्या कामात कुणीतरी जाडी केबल तोडली होती आणि गावातले सगळे फोन मुके झाले होते. कुणाची तरी जीप मिळवून आम्ही अंबाजोगाईला निघालो. घाटात उसाचा ट्रक आडवा. हा रागानं काही बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. तो नुसता मांडीवर हात ठेवून पुढे बघत बसला, बाकावर बसल्यासारखा.

फोन लागला तेव्हा पुढचा मुलगा घरातून निघालासुद्धा होता.

परतताना त्यानं माझ्याकडून एकच वचन घेतलं, आईला सांगायचं नाही. काम संपवून तो गेला. आई समजली, खेळायलाच गेला. तिनं दाराशी त्याच्या हातावर दही-साखर ठेवली.

वर्षा-दोन वर्षांनी आमच्याकडे केबल आली. एका दुपारी कुठल्याशा चॅनलवर बर्फावरची हॉकी लागली, आणि आई हातातलं निवडण सोडून टीव्हीसमोर येऊन बसली. तेव्हापासून दिसेल तेव्हा ती बसायची. देश कुठला, संघ कुठला, तिला फरक नव्हता. गोलकीपर जाळीदार मुखवट्याआड असायचा, त्यामुळे तिला प्रत्येक जण तोच वाटायचा. शेजारणींना बोलावून दाखवायची, "ह्यो आमचा." मी चहा ठेवायला आत जायची.

एकदा पडद्यावरच्या गोलकीपरनं लागोपाठ गोल खाल्ले. आई कळवळली.

"उपाशी खेळाया लावलं वाटतं त्याला," ती म्हणाली. "आपल्याकडनं तर पोटभर जेवून गेलता."