अंजूरहून हैदराबादला, व्हाया दापोडे

सकाळी साडेनऊला आम्ही अंजूरहून निघालो आणि संध्याकाळी सहापर्यंत मला विद्यापीठ निवडायचं होतं. एम.ए.साठी दोन नामांकित ठिकाणी माझी निवड झाली होती : दिल्लीला अर्थशास्त्र, हैदराबादला भाषाशास्त्र. सहानंतर दोन्ही जागा दुसऱ्याला जाणार होत्या. चार दिवस मी गप्प होते. एरवीही गप्पच असते, त्यामुळे घरात ते कोणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी बाबांनी जाणत्या माणसांचा सल्ला घ्यायचं ठरवलं, स्कूटर काढली आणि मला मागे बसवलं.

खाडीकडची भातशेती मागे पडली की गोदामं सुरू होतात. दापोड्याच्या वळणावर एक कंटेनर आडवा अडकला होता. पाऊण तास सगळी वाहतूक थांबली. बाबांनी तो वेळ वाया घालवला नाही. कंटेनरच्या ड्रायव्हरचाही सल्ला घेतला.

"दिल्ली में ठंड बहुत है," तो स्टिअरिंगवर हनुवटी टेकवून म्हणाला.

बाबांनी गंभीरपणे मान डोलावली.

दापोड्यात मामाचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. त्याने आम्हाला चहा दिला आणि भिंतीवरच्या नकाशासमोर उभं केलं. "हैदराबादला आपली गाडी दोन दिवसांत पोचते, दिल्लीला चार. पण दिल्ली म्हणजे दिल्ली हाय. लग्नाच्या टायमाला हैदराबाद कोन इचारत न्हाय."

मी माल नव्हते, पण हे सांगायला तोंड उघडावं लागलं असतं. त्याऐवजी मी त्याचं फोनवरचं बोलणं ऐकत बसले. बायकोशी आगरी, हमालाशी हिंदी, पार्टीशी (म्हणजे गिऱ्हाइकाशी) इंग्रजी शब्दांची मराठी, आणि माणूस बदलला की मामाचा आवाजही बदलत होता. हे ऐकायला मला फार आवडतं.

तिथून भिवंडी शहर. मोबाइलच्या दुकानावरच्या मजल्यावर एक करिअर समुपदेशक बसतात. त्यांनी मला प्रश्नांची यादी दिली आणि उत्तरं बाबांना विचारली.

"अनोळखी लोकांशी बोलायला आवडतं का?"

"आवडतं, लिहा," बाबा म्हणाले.

कॉम्प्युटरमधून कागद आला, त्यावर मी जन्मजात वक्ता निघाले. साहेबांना जराही आश्चर्य वाटलं नाही. "दिल्लीला स्कोप आहे," ते म्हणाले. कसला, ते बाबांनी विचारलं नाही. मीही नाही.

शेवटचा सल्ला बाबांच्या शाळेतल्या मित्राचा, रफिकचाचांचा. त्यांचा पिढीजात लूमचा (यंत्रमागाचा) कारखाना आहे. चाचांनी घरून सांदण (तांदळाची वाफवलेली गोड वडी) मागवलं. बाबांनी ड्रायव्हर, मामा आणि कागद असा सगळा अहवाल दिला. चाचांनी तो शांतपणे ऐकला आणि माझ्याकडे वळले.

"बेटा, तू काय म्हणतेस?"

दिवसभरात हा प्रश्न मला प्रथमच विचारला गेला होता. ऑफिसात इतकी शांतता होती की माझा प्रत्येक शब्द सगळ्यांना ऐकू गेला असता. मी सांदणाकडे बघत राहिले.

"लाजते ती," बाबा म्हणाले. चाचांनी विषय बदलला आणि आम्हाला कारखाना दाखवायला नेलं.

आत माग असे धडधडत होते की शेजारचा माणूस काय बोलतोय ते कळत नव्हतं. बाबा आणि चाचा पुढे गेले. मी एका मागापाशी थांबले. इथे कुणालाच ऐकू जाणार नाही, हे लक्षात आलं तेव्हा मला फार बरं वाटलं. मी दोन्ही नावं उच्चारून बघितली. "दिल्ली." मग, "हैदराबाद. मला हैदराबादला जायचंय."

समोरच्या मागावरचे म्हातारे कारागीर हसले. त्यांनी आपला माग बंद केला आणि सरळ चाचांपाशी जाऊन त्यांच्या कानाशी, मलाही ऐकू येईल इतक्या जोरात ओरडले, "सेठ, बिटिया हैदराबाद जाना चाहती है. दिल्ली भी बोली, पर मुँह बनाकर."

ते जन्मभर या आवाजात काम करत आले होते. ओठ हलले की त्यांना शब्द कळायचे.

बाबा परत आले. "खरं हाय?"

मान हलवून भागलं असतं, पण ती त्यांनी आजवर हवी तशी वाचली होती. "खरं हाय, बाबा," मी ओरडले, कारण बाकीचे माग चालूच होते. "लोक कसे बोलतात ते मला शिकायचंय!"

"मग सकाळी का न्हाय बोललीस?"

"तुम्ही मला इचारलंतच न्हाय!"

चाचा बाबांच्या पाठीवर हात ठेवून हसत सुटले. बाबा हसले नाहीत. पण कारखान्याच्या दारात रेंज आली तेव्हा त्यांनीच फोन पुढे केला, आणि पाच वाजायच्या आत मी हैदराबादची जागा पक्की केली.

परतताना मी पुन्हा बाबांच्या मागे स्कूटरवर बसले. त्यांची पाठ बघताना मला वाटलं, या माणसाने माझ्यासाठी आज अख्खा तालुका पालथा घातला, आणि मी चार दिवसांत त्यांना एक वाक्य दिलं नव्हतं. चूक एकट्या त्यांचीच होती असं आता मला म्हणवेना.

आई ओटीवर वाट बघत होती. "मग कुनाचं ऐकलंत?"

"पोरीचं," बाबा हेल्मेट काढत म्हणाले.

"ही बोलली?"

"ओरडली."

"कुनावर?" आईने घाबरून विचारलं.

"माझ्यावर," बाबा म्हणाले. आणि हे सांगताना ते इतके खूश दिसत होते की आईला पुढे काय विचारावं ते सुचेना.