पिशवीतल्या गोळ्या

ताईला लहानपणापासून फिट यायच्या. रोजच्या दोन गोळ्यांवर ती वर्षानुवर्षं ठीक होती. लग्न झालं नाही. कळसाडीच्या घरात ती, आई आणि मी. गेल्या वर्षी तिच्या आतड्याला पीळ पडला, आतडं काळं पडलं. नंदुरबारला ऑपरेशन झालं. लहान आतड्याचा मोठा भाग काढून टाकला आणि पोटाला पिशवी लावली. पोटातलं सगळं त्या पिशवीत यायचं. ताई ती स्वतःच, दार लावून, रिकामी करायची.

घरी आल्यावर पंधरा दिवसांत फिट परत सुरू झाल्या. मी शाळामास्तर, संशय घ्यायची सवय. वाटलं, कंटाळून ही गोळ्या थुंकून टाकते.

"गोळी खादी का तू?"

"खादी रे भाऊ. तुन्हा समोरच खादी ना."

"तोंड उघड."

माझ्याहून मोठ्या बहिणीच्या जिभेखाली मी बोट फिरवून पाहिलं. तिने डोळे मिटून घेतले. आठ दिवस मी हेच केलं. काही सापडलं नाही, तरी संशय गेला नाही.

मग एका सकाळी भाकरी करताना तिला फिट आली आणि उजवा हात तव्यावर पडला. आई अंगणातून धावत येईपर्यंत तळहात पार भाजला होता.

हाताला पट्ट्या, म्हणून पिशवीचं काम माझ्याकडे आलं. मोरीत ती रिकामी करताना पातळ घाणीत सकाळची गोळी दिसली. अख्खी, वरचा गुलाबी रंगही न गेलेली. ताई दाराशी उभी होती.

"आते तरी पटनं का?"

डॉक्टर म्हणाले, "ही गोळी हळूहळू विरघळते, तिला लांब आतडं लागतं. यांचं तेवढं उरलेलंच नाही. अंगी लागायच्या आत ती बाहेर पडते." त्यांनी पातळ औषध दिलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "अन्नाचंही तसंच होणार."

परतीच्या जीपमध्ये मी म्हणालो, "ताई, चुकनं मन्हं."

ती पट्टीकडे बघत राहिली. "पिशवीमा गोळी माले रोज दिसे. माले वाटे, मन्हंच काही चुकी ऱ्हायनं. तू इतला शिकेल शे."

फिट थांबल्या. बोटं मात्र सरळ झाली नाहीत. खाल्लेलं अंगी लागेना. दर आठवड्याला सलाइनसाठी नंदुरबार गाठावं लागे. उन्हाळा संपायच्या आत ती गेली. तिला खाटेवरून खाली घेताना दुसऱ्या कुणाला हात लावावा लागला नाही, एवढी ती हलकी झाली होती.