जास्वंदीकडे पाठ करून बसलेली बाई

फोन जरा कानाशी धर गं, आणि ऐक. मांजराच्या पिल्लाला घरातल्या रेतीच्या डब्याची सवय लावलीस आणि ते माझ्या गळ्यात टाकून पुण्याला गेलीस, शहाणी! बाहेर मातीत जायची सवय लागावी म्हणून काल मी डबा परसात ठेवला, पिल्लाला अंगणात सोडलं आणि दार लावून घेतलं. दिवसभर ते ओरडलं, पण अडवून धरलेली शू काही सोडेना.

आपल्या फाटकाशी रोज भाजी घेऊन बसते ना, कोडोलीची बाई? पदर दातात धरून जुड्या बांधते, ती. भर उन्हात पाणी दिलं तरी "नगं" म्हणते. मला वाटायचं, शिष्ट आहे.

काल ते ओरडणं ऐकून ती तरातरा आत आली. परसातल्या डब्यातली घाण रेती मुठीनं उचलून जास्वंदीच्या बुडातल्या मातीत कालवली, पिल्लाला त्यावर ठेवलं आणि पाठ करून बसली.

"तिकडं बघू नगासा, आजी."

थोड्या वेळानं पिल्लू माती उकरायला लागलं. तशी ती माझ्यावर कडाडली, "मुक्या जिवाला असं कोंडत्यात व्हय? आमी बी सकाळपास्नं हितंच बसतोय की. कुटं जायाचं? पाणी प्यायचंच सोडलंय म्या."

माझा मलाच असा संताप आला! इतकी वर्षं तिच्याकडून मेथी घेतली, पण हे कधी विचारलं नाही. म्हटलं, "अगं, मग आमच्याकडं यायचं की."

"मांजरामुळं आठवलं व्हय तुमास्नी?" म्हणाली आणि हात धुऊन फाटकाशी जाऊन बसली.

आज सकाळपासून संडासाकडचं मागचं दार उघडं ठेवलंय. ती ढुंकून बघत नाही. माझं ती ऐकणार नाही. तू लवकर ये, बाई, आणि तिला हाताला धरून आत आण.