दारापासून दारापर्यंत

सिरोंच्याचे बापूराव दुर्गे गेली बावीस वर्षं जीप चालवतात, बहुतेक वेळा नागपूरच्या विमानतळापर्यंत. स्वतः विमानात कधी बसले नाहीत. पण 'बंगलोर-नागपूर फक्त पावणेदोन तास' असं कुणी कौतुकानं म्हटलं की त्यांचं डोकं फिरतं.

"मले विमानाचा टाइम नोका सांगू. दारापासून दारापर्यंत किती, ते बोला!"

खरंच आहे त्यांचं. नागपूरहून बंगलोर हवाई मार्गानं साडेनऊशे किलोमीटर, सिरोंचा रस्त्यानं पावणेचारशेसुद्धा नाही. पण त्याला दहा तास लागतात, तेही रस्त्यानं कृपा केली तर. सिरोंच्याहून आलापल्लीपर्यंतच्या खड्ड्यांनी माझी कंबर कामातून गेली आहे, त्यामुळे यावर सभ्य भाषेत लिहिणं मला जमत नाही.

बापूरावांचा एक बाणा होता. वेळेबाबत खोटं बोलायचं नाही. इतर ड्रायव्हर टपरीवर चहा पीत फोनवर 'आलोच' म्हणतात. बापूराव म्हणायचे, "अजून तीन तास लागतेत भाऊ. जेवून घ्या."

त्यांची मुलगी रिना बंगलोरला एका दवाखान्यात नर्स आहे. दीड वर्षात ती घरी आली नव्हती. बुद्धपौर्णिमेला तिला एकच सुट्टी मिळाली. एका दिवसात सिरोंचा गाठून परतणं अशक्य. शेवटी ठरलं की तिनं सकाळी नागपूरला उतरायचं, आईबापांनी तिथं जाऊन भेटायचं आणि दुपारच्या विमानानं तिनं परत फिरायचं. माझं नागपूरला काम होतं, म्हणून मीही मागच्या सीटवर बसलो. आम्ही आदल्या दिवशीच निघालो.

रिनाच्या आईनं, गिरजाबाईंनी, पौर्णिमेची खीर डब्यात घेतली होती. मे महिन्यात ती काय टिकणार? विमानतळाबाहेर झाडाखाली रिनानं हौसेनं झाकण काढलं, तर खीर आंबलेली. गिरजाबाईंनी डबा हिसकून घेतला.

"विमानात पोरगी दोन तासात येते, अन् घरची खीर तिच्यापर्यंत पोचत नाई! असं काऊन?" त्या रडत होत्या, पण जास्त चिडल्या होत्या. मलाही कुणाला तरी शिव्या घालाव्याशा वाटत होत्या, पण नेमक्या कुणाला, तेच कळेना.

निघताना रिना म्हणाली, "बाबा, घरी जायले तुमाले किती टाइम लागते? एवढा तरास होत असन, तर मी पुढच्या वेळेस येतच नाई."

वेळ विचारल्यावर बापूराव टायर बघायला गेले, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

तीन वाजता आम्ही निघालो. आठ वाजता आष्टीच्या अलीकडे ट्रकांच्या रांगेत अडकलो होतो. तासभर गाडी जागची हलली नव्हती. मागचे-पुढचे सगळे हॉर्न वाजवत होते. घर अजून पाच तासांवर होतं. तेवढ्यात रिनाचा फोन आला. बापूरावांनी आधी काचा वर केल्या, मग फोन उचलला.

"बाबा, मी रूमवर पोचली. जेवणपण झालं. तुम्ही कुठी हा?"

बापूरावांनी समोरच्या ट्रककडे पाहिलं.

"आमी? आमी कवाचेच घरी पोचलो, बाई. काही तरास नाई झाला. तुझी आई चुलीपाशी बसून राह्यली."

गिरजाबाई शेजारच्या सीटवर धुतलेला रिकामा डबा मांडीवर धरून बसल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला आणि फोन घेतला.

"हो," त्या म्हणाल्या, "खीर करून राह्यली."