विमानतळाच्या बसमधलं पेनल्टी शूटआउट

बाबांनी जपानमधल्या उरायासूच्या आमच्या घरात पाऊल टाकलं आणि बूट काढता काढताच जाहीर केलं, "ही माझी शेवटची खेप हं! आता एवढा प्रवास झेपत नाही." आई गेल्यापासून ते पुण्यात एकटेच राहतात. पुढचे तीन महिने मी रोज ठरवायचे, आज विचारायचंच, बाबा, पुन्हा याल ना? पण ते सरळ नाही म्हणाले तर, या धास्तीने विचारणं काही झालं नाही.

आमचं सगळं बोलणं फुटबॉलवरून चालतं. बाबांचा लाडका क्लब इंग्लंडमधल्या दुसऱ्या श्रेणीतला, तिथल्या कप स्पर्धेत हमखास लवकर गारद होणारा. "हाच का?" असं विचारलं की म्हणतात, "मोठ्यांच्या मागे अख्खं जग आहे. यांचंही कुणी असायला नको?" यंदा मात्र पठ्ठ्यांनी तिसरी आणि चौथी अशा दोन फेऱ्या जिंकल्या आणि पाचव्या फेरीत गाठ पडली ती पहिल्या श्रेणीतल्या एका बड्या धेंडाशी. सामना नेमका बाबांच्या परतीच्या दिवशी, पहाटे.

मी हिशेब केला. चारला सुरू, सहाला संपणार, जादा वेळ आणि पेनल्टी धरल्या तरी पावणेसात. विमानतळाची बस सातची. फक्कड! चारला उठून, चहा आणि पोहे घेऊन टीव्हीसमोर बसलो, तर मैदान रिकामं. हिवाळ्यात इंग्लंडची घड्याळं तासभर मागे असतात हे मी साफ विसरले होते. भारत आणि जपानमध्ये बारा महिने तेरा त्रिकाळ साडेतीन तासांचंच अंतर, त्याच हिशेबात माझ्या नोकरीची दहा वर्षं गेलेली.

"इंजिनिअर म्हणे!" बाबा कडाडले. "कंपनी पगार कशाचा देते तुला?"

"बाबा, पोहे खा."

पाचला सामना सुरू झाला. पावणेसातला एक-एक अशी बरोबरी होती आणि आम्ही बॅगा ओढत बसस्टॉप गाठत होतो. बसमध्ये बसलो तोवर जादा वेळ सुरू झाला होता. माझा मोबाइल, त्याला एकच इयरफोन, एक टोक त्यांच्या कानात, एक माझ्या. आणि जपानमधली सकाळची बस म्हणजे चिडीचूप. निम्मे लोक झोपलेले, उरलेले झोपेची वाट बघत. एरवी घर डोक्यावर घेणारे बाबा तोंडावर मफलर दाबून बसले होते. मला तर हसू आवरेना.

जादा वेळही बरोबरीत सुटला. पेनल्टी!

बाबांनी डोळे गच्च मिटले आणि माझा हात पकडला. "मला बघवत नाही गं. तूच सांग."

"आपला गेला आत," मी कुजबुजले. "त्यांचाही. आपला, गोल. त्यांचा, गोल." असं करत चार-चार झाले. बाबांचा हात घामाने ओला झाला होता. "आपला पाचवा... बाबा, गोल! आता त्यांचा पाचवा. चेंडू ठेवला. मागे सरकला. धावतोय..."

"पुढे? अगं, पुढे काय?"

"अडवलाऽऽ!"

हे मी कुजबुजले नव्हते. अख्खी बस दचकून जागी झाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सीटबेल्ट सोडून उठले आणि पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे वाकून वाकून सुमिमासेन म्हणत सगळ्यांची माफी मागितली. चालकाने माइकवरून अत्यंत नम्रपणे बसायची विनंती केली. आणि आमचे तीर्थरूप? मफलरमध्ये तोंड खुपसून गदागदा हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आई गेल्यानंतर त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि मग मलाही राहवेना.

विमानतळावर सामान देऊन झालं. आत जायच्या दारापाशी आलो. आता विचारायलाच हवं होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबाच म्हणाले, "कपची तिसरी फेरी जानेवारीत असते ना? आपला क्लब तिथूनच खेळतो."

"हो."

"मग डिसेंबरचं तिकीट काढ माझं. पुण्यात बघायचा कंटाळा येतो एकट्याला."

मी त्यांच्या गळ्यातच पडले, आणि त्या शांत, शिस्तीच्या रांगेत भोकाड पसरून रडले.