अर्धी ओढलेली तार

मनोहर झाडे गेल्याचा फोन सकाळी साडेदहाला आला. फोन कविताचा होता. पिपरी मेघेत मनोहरच्या घराशेजारी ती ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान चालवते. "काका, सर गेले जी," एवढंच म्हणाली आणि रडू लागली. हृदयविकाराचा झटका आला होता. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी वेळ लिहून घेतली, अंत्यसंस्कार किती वाजता ते विचारलं. आयुष्यभर जिल्ह्याच्या बातम्या लिहिल्याची ती सवय. मग बोरगाव मेघेतल्या माझ्या घरी, मनोहरनेच मांडून दिलेल्या संगणकावर निधनाची बातमी टाईप केली. मूळचे समुद्रपूर तालुक्यातले, तंत्रनिकेतनाच्या संगणक प्रयोगशाळेतले निवृत्त साहाय्यक. पश्चात पत्नी, विवाहित मुलगी आणि मोठा मित्रपरिवार. पाठवण्यापूर्वी एकदा वाचलं आणि 'मोठा' हा शब्द काढला. जागा कमी होती असं नाही. तो शब्द मला सहन झाला नाही.

समुद्रपूरच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसलो. दोघांच्याही घरी कपाशी, दोघांनाही शेतात जायचा कंटाळा. त्याला यंत्रं उघडून पाहण्याचा नाद, मला वर्तमानपत्राचा. पुढे दोघंही वर्ध्यात स्थिरावलो आणि दर शनिवारी संध्याकाळी तो माझ्याकडे येऊ लागला. नोकरी होती तोवर त्याला दुसरा मित्र नव्हता. वर्ध्यात त्याला 'मन्या' म्हणणारा मी एकटा होतो. निवृत्त झाल्यावर मात्र त्याने एक उद्योग काढला. लोकांनी अडगळीत टाकलेले संगणक गोळा करायचे, त्यांवर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली बसवायची आणि ज्याला गरज असेल त्याला देऊन टाकायचे. दिल्यावर शिकवायचंही. शिकवण्याची त्याची एक पद्धत होती. तो खुर्चीत कधी बसत नसे. शिकणाऱ्याच्या मागे, दोन्ही हात पाठीशी बांधून उभा राहायचा. "मी हात लावनार नाई. तूच दाब. चुकलं तं चुकलं."

कविताच्या दुकानात एका दुपारी मी हे पाहिलं. बाकावर चार-पाच माणसं कागद घेऊन बसलेली, पडद्यावर अर्ज अर्धा भरलेला, आणि माऊसचा बाण मध्येच थिजलेला. कळफलक चालत होता, बाण हलेना. कविता घाबरून संगणकच बंद करायला निघाली होती.

"अवो बाई, थांब!" मनोहर ओरडला. "बाण थांबला म्हंजे मशीन मेली का? त्या अर्जाचं काय करशीन?"

मग मागे उभा राहून त्याने तिला तीन कळा एकदम दाबायला लावल्या. अर्जाचं चित्र जाऊन काळा पडदा आला. तिथं तिने आपलं नाव आणि परवलीचा शब्द टाकला, आणि यंत्राला काय काय जोडलं आहे याची यादी मागितली.

"माऊसचं नाव हाय का त्याच्यात?"

"नाई जी सर."

"मंग मशीनले तो दिसूनच नाई राह्यला. त्याचा दोष सॉफ्टवेअरवर काऊन टाकतं? तार पाह्य. काढ अन् दुसऱ्या भोकात घाल. पुन्हा यादी माग."

यादीत एक ओळ वाढली. कविता पुन्हा तीन कळा दाबून जुन्या पडद्यावर आली. अर्ज जसाच्या तसा होता, आणि बाण हलत होता. बाकावरच्या एका आजोबांनी टाळी वाजवली. तेव्हा मनोहरच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला, तो मी शाळेपासून ओळखत होतो. माझ्यामुळे आलेला मात्र कधी पाहिला नव्हता.

कारण माझ्या घरी त्याची तऱ्हा उलटी असायची. काही अडलं की आल्या आल्या म्हणायचा, "उठ बे." मी उठायचो, तो माझ्या खुर्चीत बसायचा, आणि मागे हात बांधून मी उभा. एकदा म्हणालो, "मलेबी दाखव ना, मन्या. त्या पोरीले दाखवलं तसं." पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "तू लेख लिही. हे तुह्यानं नाई होत." मी तो निकाल समजलो. भाजीच्या मळ्यात वाढलेल्या, बारावीनंतर शिक्षण सुटलेल्या पोरीला जमतं, ते मला जमणार नाही! पुढे बचत गटातल्या बायका त्याच्याकडे शिकायला लागल्या, दोन निवृत्त शिक्षक आले. सगळे त्याला सर म्हणत. त्यांच्याविषयी तो माझ्याकडे बोलायचा, भरभरून बोलायचा, आणि मी चहात साखर ढवळत बसायचो. मग त्याचे शनिवार चुकू लागले. कधी कविताच्या दुकानात नवीन काही बसवायचं असे, कधी कोणा शिक्षकाच्या घरी बोलावणं.

तेव्हा मी ती गोष्ट केली. टेबलाखाली वाकून माऊसची तार अर्धी बाहेर ओढली. पुरती नाही, सहज सैल झाली असावी असं वाटेल एवढीच. आणि त्याला फोन लावला, "माऊस बंद पडला." तो स्कूटरवर आला. पुढच्या शनिवारी तो आला नाही, तेव्हा मी तेच पुन्हा केलं. नंतर मोजणं सोडून दिलं. तो टेबलाखाली वाकायचा, जरा वेळ तिथंच थांबायचा, मग उठून गंभीरपणे काळा पडदा उघडायचा आणि काहीबाही टाईप करत राहायचा. चहा व्हायचा, समुद्रपूरच्या मास्तरांची नक्कल व्हायची, पाऊण तास सहज जायचा. एकदा मात्र खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "काऊन बे, तुह्या माऊसले शनिवारीच काऊन झटका येते?"

"लाईट जाते ना शनिवारी."

"हो, तुह्याच खोलीतली जात असन."

दोघंही हसलो. त्याला कळलं आहे की नाही, हे मी विचारलं नाही... विचारलं असतं तर बहुधा पुढचा फोन करता आला नसता.

त्याला जाऊन तीन आठवडे झाल्यावर त्याच्या घरी गेलो. नलिनीवहिनींनी त्याची वही पुढे ठेवली. ज्याला ज्याला शिकवलं, त्याचं एकेक पान. वर नाव, खाली त्याला काय काय जमलं त्याची नोंद. कविताचं पान भरून मागे गेलेलं. पहिलीच ओळ : 'माऊस – स्वतः केला.' मी पानं उलटत राहिलो. छापून आलेल्या अंकात आपलं नाव शोधावं तसा शोधत होतो. बायका, शिक्षक, बाकावर टाळी वाजवणारे ते आजोबासुद्धा होते. मी नव्हतो. शेवटच्या पानात वहिनींनी माझी चार ओळींची बातमी कापून ठेवलेली होती. पत्नी, विवाहित मुलगी आणि मित्रपरिवार.

"वहिनी, माहं पान नाई दिसत," मी म्हणालो. आवाज साधा ठेवण्याचा प्रयत्न केला.

"तुमचं कसं राहीन भाऊजी? तुमाले शिकवलंच कुठी त्याईनं!" वहिनी वही मिटत म्हणाल्या. "मी एकडाव म्हणलं बी, साऱ्या गावाले शिकवता, मंग त्या भाऊजीलेच काऊन नाई? दर शनिवारी त्या एका तारीपाई पेट्रोल जाळता. तं म्हणे, थो शिकला तं माहं जानं बंद होईन ना वं."

मी लगेच उठलो. वहिनी चहाचं म्हणत होत्या.

सैल तार बसवायला क्षणभर लागतो. त्याला पाऊण तास लागायचा.

गेल्या शनिवारी संध्याकाळी मी टेबलाखाली वाकलो आणि तार अर्धी ओढून ठेवली. बाण पडद्याच्या मधोमध थांबला. जरा वेळाने कविता मळ्यातली मेथी घेऊन आली. बाण पाहून लगेच वाकायला लागली. तिला थांबवलं.

"दोन मिनिटांचं काम हाय, काका. तुमाले शिकवून देऊ का?"

"नको," मी म्हणालो. जरा तुटकच म्हणालो असेन, कारण ती मेथी ठेवून गेली.

हा लेख मी नुसत्या कळफलकावर लिहिला आहे. तार तशीच आहे.